द्रौपदीच्या बोलाचा आरसा

मित्रांनो, माझ्यात डोकावून पाहाल तर तुम्हाला आज तुमचा चेहरा अर्धाच दिसेल. नाक दिसेल, पण कान दिसणार नाहीत. हसाल तर दात दिसतील, पण डोळे माझ्या काळ्या डागांत हरवून जातील. मी एक जुना आरसा आहे ना! तळहाताएवढा, गोल, लाल प्लॅस्टिकच्या चौकटीतला. पाठीवर मोराचं चित्र होतं. आता मोराचा नुसता पिसारा उरला आहे आणि मोर कुठे उडून गेला ते मलाही ठाऊक नाही. पण एक काम मला अजून येतं. ते काम भिंतीएवढ्या आरशांनाही कुणी सांगत नाही. त्या कामाची ही गोष्ट.

माझा जन्म उल्हासनगरचा. पाच नंबर कॅम्पात, फाळणीनंतर वसलेल्या सिंधी वस्तीत, पत्र्याच्या शेडमध्ये खूबचंद शेठचा कारखाना होता. मोठ्या काचेवर पारा चढवायचा, हिऱ्याच्या टोकाने गोल कापायचा आणि चौकटीत बसवायचा. शेठ दिवसभर कारागिरांच्या मागे उभे राहून ओरडायचे, "साईं, काच है, दुल्हन है! हळू हाथ लगाव!" तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटे. मी कुणाच्या तरी लग्नाच्या पेटीत जाणार, कुणी माझ्यात बघून कुंकू लावणार, असं मनाशी ठरवून मी इतर आरशांच्या रांगेत चमकत बसलो होतो.

एके दिवशी वृंदाताई आल्या. तीन नंबर कॅम्पातल्या एका शाळेत त्या बोलण्याचा वर्ग घ्यायच्या. ज्या मुलांचे शब्द अडतात, घसरतात, वाट चुकतात, त्यांचा वर्ग. त्यांनी माझ्यासारखे दहाबारा छोटे आरसे बाजूला काढले.

"कंगवा पण घ्या ना बाई," शेठ म्हणाले. "आरशाबरोबर कंगवा पाहिजेच."

"माझ्या मुलांना भांग नाही पाडायचा शेठ. बोलायचंय."

"आरशात बघून बोलतात?" शेठने कपाळाला हात लावला. "मेरी घरवाली तो बिना आरशाची दिवसभर बोलते, साईं!"

वृंदाताई खळखळून हसल्या, आणि मी त्यांच्या पिशवीत पडलो. लग्नाची पेटी राहिली बाजूलाच.

त्या वर्गात मला द्रौपदी भेटली.

सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची, काळ्याभोर डोळ्यांची मुलगी. अंबरनाथच्या बुवापाड्यात राहायची. वडील दौलतराव पगारे एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. आई अंजना बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची आणि आठवड्याच्या सुट्टीला तिला वर्गात आणायची. आणि आजी गयाबाई घर सांभाळायची. द्रौपदी जन्मली तीच टाळूला फट घेऊन. दूध पाजलं तर नाकातून यायचं. मग मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिची टाळू शिवली. शिवण छान बसली. पण शब्द मात्र अजूनही नाकातूनच यायचे. 'पाणी' म्हणायची तर 'माणी' ऐकू यायचं. 'पोपट' म्हणायची तर काय ऐकू यायचं ते सांगत नाही. ती ते ऐकून स्वतःच मान खाली घालायची.

वृंदाताईंनी अंजनाला समजावलं, "डॉक्टरांनी घराला दार बसवलंय. पण इतकी वर्षं दार नव्हतं ना, म्हणून हिला दार लावायची सवयच नाही. ती आपण लावायची."

आणि ती सवय लागते आहे की नाही, हे सांगायचं काम माझं! द्रौपदीच्या नाकाखाली मला आडवं धरायचं. तिने 'पापा' म्हणायचं. श्वास नाकातून निसटला तर माझ्यावर वाफ धरते. श्वास ओठांतून नीट बाहेर गेला तर मी स्वच्छ राहतो. शब्द संपला की मला लगेच बाजूला घ्यायचं, नाहीतर नंतरचा साधा श्वासही माझ्यावर उमटतो. इतकं सोपं, आणि तिच्यासाठी इतकं अवघड. सुरुवातीला ती 'प' म्हणायची आणि मी पांढराफटक होऊन जायचो. मग वृंदाताई मला पुसायच्या. पुन्हा 'प'. पुन्हा वाफ. पुन्हा पुसणं. पण हळूहळू, मित्रांनो, वाफेचा डाग लहान होऊ लागला होता.

आणि तेवढ्यात सुट्टी लागली.

साल शहाऐंशी. एप्रिल संपला, शाळांना कुलपं लागली, वृंदाताई आपल्या माहेरी कोकणात निघाल्या. जाण्याआधी त्यांनी मला द्रौपदीच्या हातात ठेवलं. "हा सुट्टीभर तुझा. रोज सकाळी बोलायचं. थांबलीस तर शब्द पुन्हा जुन्या वाटेने पळतील."

थांबून चालणारच नव्हतं. कारण जूनमध्ये द्रौपदीला पहिलीत घालायचं होतं. बुवापाड्याजवळच्या शाळेतल्या मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण त्यांनी अंजनाला स्पष्ट सांगितलं होतं, "वर्गात साठ मुलं असतात. मुलीचं बोलणं कुणाला कळलं नाही तर ती कोपऱ्यात बसून राहील. जूनमध्ये घेऊन या. तिने आपलं नाव मला कळेल असं सांगितलं तर घेते. नाहीतर मुंबईच्या खास शाळेत घाला."

मुंबईच्या शाळेत रोज कोण नेणार? आई कारखान्यात, बाप कारखान्यात, आजीला रस्ता ओलांडायची भीती. म्हणजे नाव सांगता आलं तर शाळा, नाहीतर घर. आणि नाव तरी कसलं! द्रौपदी दौलतराव पगारे. त्यात एक अक्षर मऊ नाही. सगळी अक्षरं दार लावून घ्यायला लावणारी. आजीने आपल्या आईचं नाव नातीला हौसेने ठेवलं होतं. तिला काय माहीत, की नातीच्या वाट्याला डोंगर येईल!

सुट्टीच्या पहिल्या सकाळी अंजना घाईत होती. कारखान्याचा भोंगा व्हायला आला होता. केसांना पिना लावता लावता ती सासूला सांगत होती, "आत्याबाई, आरसा माठाखाली ठेवत जा. उन्हाळ्यात काच तापते, तापल्या काचेवर वाफ दिसत नाही. गार झाला की तिच्या नाकाखाली धरायचा, शब्द म्हणवून घ्यायचे, आणि वाफ बघायची."

"बघते की. तू जा," गयाबाई म्हणाल्या.

"वाफ बघायची म्हणजे..."

आणि भोंगा झाला. अंजना चपला घालून धावत सुटली. 'म्हणजे' तिथेच उंबऱ्यावर राहिलं.

आता गयाबाईंचंही ऐका. त्या येवल्याकडच्या खेड्यात वाढलेल्या. त्यांनी आयुष्यात आरसा माणसाच्या नाकाखाली धरलेला दोनदाच पाहिला होता. एकदा सासरा अखेरच्या दुखण्यात पडला तेव्हा. आणि दुसऱ्यांदा ही नात जन्मली तेव्हा. जन्मली ती एवढीशी, निळसर, रडेचना. सुईणीने आरसा तिच्या नाकाजवळ नेला. घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखला. आणि काचेवर वाफेचा एक बारीक ठिपका धरला. "जगली गं बाय, जगली!" सुईण ओरडली. तो ठिपका गयाबाईंनी काळजात जपून ठेवला होता. वाफ म्हणजे जीव. वाफ म्हणजे आनंद. जगात याहून सरळ गोष्ट नाही.

म्हणून पहिल्या सकाळी मला माठाखालून काढून त्यांनी द्रौपदीच्या नाकाखाली धरलं. द्रौपदी म्हणाली, "पाणी." आणि मी पांढरा झालो.

"जगली माझी बाय!" गयाबाईंनी टाळी वाजवली. "अजून म्हन!"

द्रौपदी गोंधळली. वृंदाताई वाफ दिसली की मान हलवायच्या. पण आजी तर हसते आहे, गूळ हातावर ठेवते आहे. सहा वर्षांच्या मुलीने कुणाचं ऐकायचं? गूळ देणाऱ्या हाताचं! दुसऱ्या दिवशी तिने आणखी जोराने नाकातून फुंकलं. मी पार आंधळा झालो. "लई ग्वाड!" आजी म्हणाली.

मित्रांनो, मी ओरडलो असतो हो! पण आरशाला तोंड असतं ते दुसऱ्याचं. मी नुसता पांढरा होत राहिलो, आणि आजी मला प्रेमाने पदराने पुसत राहिली. रोज सकाळी, न चुकता, देवपूजेसारख्या दोघी मिळून उलट्या वाटेने चालत होत्या.

मग बुद्धपौर्णिमा आली. बुवापाड्यातल्या विहारात पांढऱ्या पताका लागल्या. पांढऱ्या साड्या, पांढरे फ्रॉक, मेणबत्त्या. मी गयाबाईंच्या पिशवीत होतो, त्या मला कुठेही नेत. विहारात मुलांची रीत अशी, की रांगेतल्या एकाने त्रिसरण मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पाळी सरकत सरकत द्रौपदीपाशी आली. ती उभी राहिली. तिला खात्री होती, की आपलं छान झालं आहे, आजी रोज टाळ्या वाजवते! तिने छाती भरून श्वास घेतला आणि पहिलाच शब्द उच्चारला. बुद्धाचं नाव. ओठ मिटून फुटणारं.

ते सगळं नाकातून आलं. पूर्वीपेक्षाही जास्त.

"शिंकलं का कोण?" मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला. मुलं फिदीफिदी हसली. विहारातल्या काकांनी डोळे वटारले तेव्हा गप्प झाली. पण द्रौपदी खाली बसली ती उठलीच नाही.

घरी आल्यावर अंजनाने भांडी घासायला घेतली, आणि घासण्यापेक्षा आपटली जास्त.

"आत्याबाई, रोज घेत होतात ना तुम्ही?"

"घेत व्हते म्हंजी? एक सकाळ चुकवली न्हाई."

"मग पोर मागे कशी गेली? ताईंकडे होती त्याहून मागे गेली!"

"माझंच चुकलं म्हन की."

"मी तसं म्हटलं का?"

"तोंडानं न्हाई म्हटलंस. भांडी आपटून म्हटलंस."

दौलतराव दोघींच्या मध्ये उभे राहून म्हणाले, "अगं, उद्या मी..." आणि दोघी एकदम म्हणाल्या, "गप!" मी माठाखाली पडून ऐकत होतो. जून दाराशी आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीत पापडांचा घाट होता. शेजारची गोदूमावशी आणि आणखी चारपाच बायका पोळपाट-लाटणी घेऊन गयाबाईंच्या ओट्यावर जमल्या होत्या. उडदाच्या पिठाच्या लाट्या, तेलाची वाटी, लाटण्यांचा आवाज. द्रौपदी अंगणातल्या बाजेजवळ काठी घेऊन बसली होती. बाजेवर वाळत घातलेल्या पापडांवरून कावळे हाकायचं काम तिचं. पण ती काठीही उचलत नव्हती.

गयाबाईंनी मला माठाखालून काढलं. द्रौपदीने मान फिरवली. "नको," ती पुटपुटली.

"नको तर नको," गयाबाई हळव्या आवाजात म्हणाल्या. "पोरीच्या वाट्याचं मीच म्हनते आज." त्यांनी मला आपल्याच नाकाखाली धरलं आणि म्हणाल्या, "पापड."

त्यांनी मला वळवून पाहिलं. मी लख्ख होतो.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "वाफ कुठं गेली?"

पुन्हा म्हणाल्या, "पापड! पापड! पोळपाट!" मी लख्खच.

"गोदे, माझी वाफच निघंना गं!"

गोदूमावशीचं लाटणं थांबलं. "मामी, गेलात की काय? माणसं बोलवू का?"

"मेले तर मंग बोलते कोन?"

"तुमचं काय सांगावं! तुम्ही मेल्यावरही पापडाचं पीठ कमी पडलं म्हणून उठाल."

ओट्यावर हशा पिकला. पण गयाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला गोदूमावशीच्या नाकाखाली धरलं. "तू म्हन." गोदूमावशी म्हणाली, "पापड." वाफ नाही. मग एकेक करून ओट्यावरच्या सगळ्याजणी म्हणाल्या. पापड, पाट, बाजरी, दगड. कुणाचीच वाफ धरेना. ओटाभर बायका जिवंत, आणि आरसा कोरा!

"मामी, आरसा मेला असंल," कुणीतरी म्हणालं.

"मामी," गोदूमावशीने हाक मारली तेव्हा मी अजून तिच्या नाकाखालीच होतो. आणि त्या हाकेतल्या 'म'बरोबर माझ्यावर वाफेचे दोन ठिपके उमटले.

गयाबाईंनी ते पाहिले. बराच वेळ पाहत राहिल्या. ठिपके विरून गेले. मग त्यांनी हळूच मला आपल्या नाकाखाली धरलं. "माय," त्या म्हणाल्या. वाफ. मला पुसलं. "बाप." वाफ नाही. पुन्हा "माय." पुन्हा "बाप."

त्यांचा हात खाली आला.

"आपुन समद्या दार लावून बोलतो गं," त्या म्हणाल्या. "वाफ आत कोंडून बोलतो. माझी पोर सांडत व्हती, आन् मी टाळ्या पिटत व्हते. गूळ देत व्हते!"

लाटणी थांबली. मला वाटलं, आता म्हातारी रडणार. पण गयाबाई रडणाऱ्या नव्हत्या. त्या तरातरा बाजेपाशी गेल्या, नातीसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "द्रुपदे, आजी येडी. तू न्हाई चुकली, आजी चुकली. वाफ नको आपल्याला. कोरा आरसा पायजे. कोरा!"

द्रौपदीने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं. वर्गात वृंदाताईही तेच सांगायच्या. गुळाच्या नादात ते मागे पडलं होतं, आणि त्याआधी आजीला सांगायला तिला जमलं नव्हतं. सांगायला शब्द लागतात ना!

संध्याकाळी अंजना कामावरून आली तर सासू दारातच उभी. "तूच म्हनालीस, वाफ बघा. बघून काय करायचं ते तुझ्या भोंग्यानं खाल्लं की गं!" अंजनाने सगळं ऐकलं आणि ती जमिनीवर बसून पोट धरून हसली. हसता हसता डोळे पुसले. मग सासूच्या गळ्यात पडली. त्या दिवशी त्या घरात भांडी वाजली नाहीत.

आणि मग, मित्रांनो, खरी सुट्टी सुरू झाली.

गयाबाई जुन्या काळी जात्यावर बसून ओव्या गाणाऱ्या. बुवापाड्यात जातं मागे पडलं होतं, पण ओवी कुठे मागे पडते? त्या पापड लाटता लाटता ओठांची अक्षरं वेचू लागल्या. जशा शेंगा वेचाव्यात तशी. आणि गुंफू लागल्या:

*पेरूच्या फांदीवर, पोपट पंख पसरी,*
*बोल ओठातून येई, वाट नाकाची विसरी.*

द्रौपदी मागून म्हणायची, पहिल्यांदा सावकाश, मग तालावर. लाटणं पुढे गेलं की 'पेरू', मागे आलं की 'पोपट'. एका हाताने आजी लाटायची, दुसऱ्या हाताने मला धरायची. माझी चौकट उडदाच्या पिठाने माखून गेली. मला त्याचा काय अभिमान वाटायचा! ओट्यावरच्या बायकाही तिच्याबरोबर गाऊ लागल्या. दुसरी ओवी गोदूमावशीने जोडली:

*बांध घातला शेताला, पाटाला वळलं पाणी,*
*नाकाची वाट सोड, ओठानं बोल राणी.*

ओवी झाली की मी नाकाखाली. मला आठवतं, वाफेचा डाग पहिल्यांदा खारकेएवढा होता. मग शेंगदाण्याएवढा झाला. दौलतराव कामावरून आले की टॉवेल खांद्यावर टाकून आधी विचारायचे, "आज केवढा?" द्रौपदी बोटांची चिमूट करून दाखवायची. चिमूट रोज घट्ट होत होती. मग एका सकाळी डाग मोहरीएवढा झाला, आणि गयाबाईंनी मला डोळ्यांजवळ नेऊन इतकं न्याहाळलं, की त्यांच्याच श्वासाने मी पांढरा झालो. "आगं आगं, ही माझी वाफ, हिची न्हाई!" म्हणत त्यांनी घाईघाईने पुसलं.

पापडांवर कावळे येतच होते. गयाबाईंनी नियम केला, की 'हाट' म्हणायचं नाही. म्हणायचं, "पळ काळ्या, पळ!"

पहिल्या दिवशी द्रौपदी ओरडली तर कावळ्याने मान तिरकी केली, तिच्याकडे बघितलं आणि शांतपणे पापडाचा तुकडा तोडला. गोदूमावशी म्हणाली, "त्याला मराठी येत नसंल, उल्हासनगरचा दिसतो." दुसऱ्या दिवशी कावळा थोडा सरकला. तिसऱ्यांदा काठी आपटली तेव्हा उडाला, पण तो काठीला घाबरला. मग एक दिवस द्रौपदीने काठी खाली ठेवली. ओठ घट्ट मिटले. आणि सोडले.

"पळ काळ्या, पळ!"

शब्द कसा, तर दगडासारखा गेला. टणक, गोल, नेमका. कावळा पंख फडफडवत पिंपळावर जाऊन बसला. सारा ओटा ओरडला. गोदूमावशीने लाटणं हवेत फिरवलं. आणि द्रौपदीने काय केलं? तिने धावत येऊन मला आजीच्या हातातून घेतलं, आपल्या नाकाखाली धरलं आणि पुन्हा म्हणाली, "पळ!" मी कोरा होतो. पूर्ण कोरा! माझ्यात तिचं तोंड दिसत होतं. पहिल्यांदाच, बोलताना, धुक्याशिवाय.

जून आला. शाळेचा दिवस आला. अंजनाने त्या दिवशी रजा टाकली. गयाबाईंनी मला माठाखालून काढून ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. "आत्याबाई, आरसा कशाला?" "असू दे. सोबत असतीय."

मोठ्या बाईंच्या खोलीत गर्दी होती. पालक, मुलं, फाइली, घंटा. दारात उभी असलेली मुलं आत डोकावत होती. त्यांत विहारातला तो मुलगाही होता. बाईंनी चष्मा वर केला. "हं, हीच ना ती? बाळ, नाव सांग."

द्रौपदी आजीच्या पिशवीकडे बघत राहिली.

"सांग बाळ."

दारातून कुणीतरी नाकातून 'हूं हूं' केलं. अंजनाचा चेहरा उतरला. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मी पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला होतो. सुट्टी आठवली. वाफ, गूळ, पापड, ओवी. सगळं या एका क्षणापाशी येऊन थांबलं होतं, आणि तिचे ओठ उघडत नव्हते.

तेवढ्यात एक छोटा हात पिशवीत आला. त्या हाताने मला फडक्यातून बाहेर काढलं. द्रौपदी टेबलापाशी गेली. मोठ्या बाईंसमोर उभी राहून तिने मला आपल्या नाकाखाली धरलं आणि म्हणाली, "माझी आई." माझ्यावर वाफ धरली. तिने मला वळवून बाईंना वाफ दाखवली. मग फ्रॉकने पुसलं. पुन्हा नाकाखाली धरलं. डोळे मिटले. ओठ मिटले. आणि दार लावून, एकेक अक्षर पोळपाटावर ठेवावं तसं ठेवत म्हणाली:

"द्रौपदी दौलतराव पगारे."

आणि मला वळवून बाईंच्या समोर धरलं.

मी कोरा होतो.

मोठ्या बाई पुढे वाकल्या. माझ्यात त्यांना त्यांचाच चेहरा दिसला. आश्चर्याने उघडं पडलेलं तोंड, कपाळावर गेलेला चष्मा. त्यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. मग स्वतःच्याच नाकाखाली धरून त्या हळूच म्हणाल्या, "द्रौपदी दौलतराव पगारे." पाहिलं. कोरा. आणि त्या हसल्या.

"माझ्याइतकंच स्वच्छ बोललीस की गं," त्या म्हणाल्या. मग दाराकडे वळून म्हणाल्या, "कोण ते 'हूं हूं' करत होतं? इकडे ये. तू पण आपलं नाव सांग, आरसा धरून."

तो मुलगा आला. त्याचं नाव होतं नामदेव. 'न' आला, 'म' आला, आणि मी पांढराशुभ्र झालो! सारी खोली हसली. बिचारा नामदेव! त्यात त्याची काही चूक नव्हती, नावच तसं होतं. पण तो स्वतःही हसला, आणि द्रौपदीही हसली. ती पहिलीच्या वर्गात त्याच्याच शेजारी बसली.

खोलीबाहेर आल्यावर गयाबाईंनी मला हातात घेतलं. माझ्या कोऱ्या काचेकडे बघत राहिल्या. सुईणीच्या हातातला तो आरसा, तो ठिपका त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा. कारण त्या मला छातीशी धरून म्हणाल्या, "जगली. आता जगली माझी बाय."

पुढे वर्षं गेली. काम झालं की माणसं साधन विसरतात. त्याचा मला राग नाही. तेच तर साधनाचं यश. काही वर्षं मी खिळ्यावर लटकत दौलतरावांच्या दाढीच्या उपयोगी पडलो. मग नव्वद सालानंतर पगारे कुटुंब बदलापूरला, सोनिवलीला नव्या इमारतीत राहायला गेलं. तिथे उंच आरशाचं कपाट आलं. मी ट्रंकेत गेलो. अंधारात माझा पारा उडत राहिला. पण कानावर येत होतं, द्रौपदीने वक्तृत्वात बक्षीस मिळवलं, विहारात बुद्धपौर्णिमेला तीच त्रिसरण सांगते, मागून शंभर माणसं म्हणतात. ट्रंकेतही मी उजळून निघायचो.

गयाबाई सत्त्याण्णव साली गेल्या. शेवटच्या दुखण्यात त्या नातीला म्हणाल्या होत्या, "माझी वाफ थांबली ना, की रडू नको. समज, आजी नीट बोलाया लागली." द्रौपदी रडता रडता हसली होती.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात ट्रंक उघडली. बाहेर उजेड. अठरा वर्षांची द्रौपदी शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. खालच्या मजल्यावर अंजनी नावाची लहान मुलगी होती. तिचीही टाळू शिवलेली, तिचाही बोलण्याचा वर्ग सुट्टीत बंद, आणि तिची आईही तशीच हतबल. द्रौपदीने मला पुसलं.

"ताई, हा तर खराब झालाय," अंजनीची आई म्हणाली. "चेहराच दिसत नाही नीट."

"वाफ धरायला पारा लागत नाही काकू, काच लागते," द्रौपदी म्हणाली. "आणि एक लक्षात ठेवा. वाफ दिसली तर आनंद करायचा नाही हं. कोरा राहिला तर करायचा. हे सांगायला आमच्याकडे एकदा भोंगा आडवा आला होता."

मग तिने मला माठाखाली ठेवलं. थंड मातीचा तो स्पर्श! आणि सकाळी अंजनीच्या छोट्या नाकाखाली धरून तिने आपली जुनी ओवी सुरू केली. मग स्वतःची एक जोडली:

*आरसा गं एवढासा, चांदणं त्यात भरलं,*
*पोरीच्या बोलानं, धुकं नाही धरलं.*

मित्रांनो, तुमच्या वर्गात, गल्लीत, घरात असं कुणीतरी असेल, ज्याचे शब्द वाट शोधत आहेत. त्याला हसू नका. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, त्यालाच करू द्या. शाळेला सुट्टी लागते, बोलाला लागत नाही. म्हणून रोज सकाळी थोडं त्याच्यापाशी बसा. गाणं म्हणा, पापड लाटा, कावळे हाका. आणि काय बघायचं ते शिकवणाऱ्याला नीट विचारून घ्या. घाईत अर्धवट ऐकू नका.

आणि माझ्यासारखा जुना आरसा घरात असेल तर फेकू नका. अजून अंजनीची वाफ शेंगदाण्याएवढी आहे. थांबा, ती ओठ मिटते आहे. मला कोरं राहायचंय.